दर ग्रॅमला किती रुपये?

जगात सगळ्यात कमी सामान घेऊन धावणारी गाडी कुठली, असं कुणी विचारलं तर बेलाशक 'रेसिंग कार्ट' म्हणून सांगावं. तिला दार नाही, छप्पर नाही, डिकी नाही, आरसे नाहीत, हॉर्न नाही. शॉकअप नाहीत, डिफरन्शियल नाही. सीटबेल्टसुद्धा नाही, कारण डोक्यावर लोखंडी पिंजरा नसताना माणसाला गाडीशी बांधायचं म्हणजे ती उलटल्यावर त्यालाच खाली अंथरायचं. थोडे पाईप, चार ठेंगणी चाकं, बाजूला एक इंजिन आणि जमिनीपासून चार बोटांवर टेकलेलं एक धाडसी बूड, एवढाच संसार.

1956 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या गृहस्थांनी पहिली कार्ट जुळवली. इंगल्स रेसच्या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यात कामाला होते. म्हणजे भारी सामान काय असतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी घेतले पाईप आणि गवत कापायच्या यंत्राचं एक इंजिन. कमी पैशात जास्त वारा खायचा, एवढाच त्यामागचा उदात्त हेतू.

आज त्याच गाडीतून आणखी वजन काढायला लोक पैसे मोजतात. दार काढता येत नाही, कारण ते नाहीच. मग जे आहे तेच हलकं करायचं. सीट कार्बन फायबरची, पायाखालचा पत्रा कार्बन फायबरचा, चेनचं कव्हर कार्बन फायबरचं, स्टिअरिंगसुद्धा कार्बन फायबरचं. सगळं काळं, चकचकीत, चौकडी-चौकडीचं. बघितलं की हात फिरवावासा वाटतो, आणि किंमत ऐकली की तोच हात आपोआप खिशावर येतो.

कोल्हापूरला वेगाचं वेड आहे हे सिद्ध करायला शास्त्रज्ञ नेमायची गरज नाही. संध्याकाळी रंकाळ्याच्या रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहावं. मोहिते मंडळींनी इथे कार्टिंगचा ट्रॅक बांधला, राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या तिथे झाल्या, कृष्णराज महाडिकांसारखा इथला मुलगा ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतींपर्यंत जाऊन आला. त्यामुळे आमच्या सोळा वर्षांच्या भाच्याला कार्टिंगचा नाद लागला तेव्हा घरात कुणी कपाळाला हात लावला नाही. फक्त दाजींनी कॅल्क्युलेटर काढला. दाजी एका पतसंस्थेत मॅनेजर आहेत. समोर आलेल्या कुठल्याही गोष्टीचा दर काढल्याशिवाय त्यांना घास गिळवत नाही.

कार्टची देखभाल करतात शिवाजी उद्यमनगरातले एक मिस्त्री. त्यांचं उभं आयुष्य ऑइल इंजिनं, लेथ आणि फौंड्रीच्या धुरात गेलं. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारचे पदार्थ असतात: वेल्डिंग होणारे आणि न होणारे. दुसऱ्या प्रकाराशी ते शक्यतो बोलत नाहीत.

अशा या त्रिकुटासमोर एका रविवारी कार्बनच्या सीटचा खोका उघडला. सीट भाच्याच्या मित्राची होती, 'फक्त बघायला' आणली होती. फक्त बघायला आणलेली वस्तू घरातून क्वचितच परत जाते, हे सगळ्या बापांना माहीत असतं.

"मामा, उचलून तर बघा," भाचा म्हणाला.

उचलली. खरंच हलकी. मिस्त्रींनी ती हातात घेतली, दोन्ही कडा धरून पिळायचा प्रयत्न केला आणि मान हलवली. "वाकत न्हाई की."

"तेच तर!" भाचा म्हणाला. "स्टीलपेक्षा पाचपट मजबूत."

"कुठल्या अंगानं?" मिस्त्रींनी विचारलं.

हा प्रश्न कार्बनच्या कुठल्याही जाहिरातीत छापलेला नसतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. कार्बनचा धागा असतो साधारण 7 मायक्रॉनचा. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास; म्हणजे एका केसाच्या जाडीत असे दहा धागे शेजारी शेजारी बसतील. असे 3,000 धागे एकत्र घेतले की त्याला 'थ्री के' म्हणतात. त्याचं कापड विणायचं, इपॉक्सीच्या डिंकात भिजवायचं, थरावर थर चढवायचे आणि भट्टीत पक्कं करायचं. धाग्याच्या लांबीच्या दिशेने ओढलं तर ताकद अफाट. आडव्या दिशेने मात्र सगळा भरवसा त्या डिंकावर. म्हणून कार्बनचा भाग चांगला की वाईट, हे कापडापेक्षा ते कोणी, किती थरांत, कुठल्या दिशेने अंथरलं त्यावर ठरतं. आणि ते बाहेरून दिसत नाही. दिसते ती चौकडी.

त्या दिवशी दाजींचे एक इचलकरंजीचे स्नेही चहाला आले होते. घरचे यंत्रमाग. त्यांनी सीट उजेडात धरली, चष्मा कपाळावर सारला आणि नाक टेकवून पाहिलं.

"ट्विल हाय की हे. टू बाय टू. पिक किती?"

पिक, म्हणजे इंचात आडवे धागे किती, हे भाच्याला माहीत नव्हतं. विकणाऱ्यालाही माहीत नसणार. "मग घेतलं काय बघून?" असं म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला. कापडाचा भाव ऐकल्यावर मात्र त्यांनी तो पुन्हा खाली ठेवला आणि मीटरला इतका दर देणारं गिऱ्हाईक नेमकं कुठल्या गावात राहतं, याची चौकशी केली.

एव्हाना दाजींचं गणित तयार होतं. "समजा, एका पार्टनं 400 ग्रॅम वाचले. साध्यापेक्षा तो 12,000 रुपयांनी महाग. म्हणजे ग्रॅमला 30 रुपये. गुजरीत सोनंसुद्धा ग्रॅमवरच विकतात, पण तिथे पैसे दिल्यावर ग्रॅम मिळतात. इथे पैसे देऊन ग्रॅम जातात."

यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. पण दर एकदा हाती आला की दाजी थांबत नाहीत. त्यांनी तो थेट पोराला लावला. शर्यतीच्या सकाळी उद्यमनगरात एक प्लेट मिसळ, वर कट, वर पुन्हा कट, चार स्लाइस आणि दोन ग्लास पाणी. अर्धा किलो कुठे गेलं नाही. ग्रॅमला 30 प्रमाणे 15,000 रुपयांचं कार्बन एका बैठकीत फस्त. "तू मिसळ सोड," दाजी म्हणाले, "मी तुला महिन्याला एक सीट वाचवून दिल्याचं समजेन."

मिसळ सोडण्याचा प्रस्ताव कोल्हापुरात ज्या गांभीर्याने घेतला जातो, त्या गांभीर्याने तो घेतला गेला. म्हणजे सगळे हसले.

पण वजनाची खरी गंमत काट्यावर कळते. शर्यत संपली की कार्ट आणि ड्रायव्हर, हेल्मेट-सूटसकट, एकत्र काट्यावर चढतात. प्रत्येक वर्गात किमान वजन ठरलेलं असतं. त्याखाली आलात तर पहिला नंबर असला तरी बाद. आंतरराष्ट्रीय 'ओके' वर्गात 145 किलो, गिअरवाल्या 'केझेड' वर्गात 175 किलो, असे आकडे काही वर्षे नियमात होते. आता आमचा भाचा अंगाने काडी. साध्या फायबरग्लासच्या सीटवर बसूनसुद्धा तो किमान वजनाच्या खालीच भरतो. मग काय करतात? सीटला शिसं बांधतात. ठोकळेच्या ठोकळे, नियमाप्रमाणे किमान दोन सहा मिलिमीटरच्या बोल्टांनी आवळून.

म्हणजे क्रम असा: आधी इटलीहून आलेली हलकी सीट कस्टम ड्युटी भरून घ्यायची, मग तिला भोकं पाडायची, मग त्या भोकांतून जुन्या बाजारातलं शिसं लटकवायचं. जेवढं कार्बनने वाचवलं तेवढंच शिशाने परत केलं. हा व्यवहार पतसंस्थेच्या ऑडिटमध्ये सापडला असता तर दाजींनी रात्रीत राजीनामा दिला असता.

यात अगदीच अर्थ नाही असं मात्र नाही. शिसं आपल्याला हवं तिथे, जमिनीलगत, लावता येतं; त्यामुळे गाडीचा तोल खाली येतो, पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार जुळवता येतो. आणि जो ड्रायव्हर मुळातच वजनदार आहे, ज्याच्यामुळे काटा किमान आकड्याच्या किती तरी वर जाऊन थांबतो, त्याला वाचलेला प्रत्येक ग्रॅम खरोखर वाचतो. दुर्दैव असं की, अशा भरदार माणसाला वजन कमी करायचे त्याहून स्वस्त मार्ग डॉक्टरने आधीच सांगितलेले असतात.

वजन एकवेळ राहू द्या. कार्टच्या बाबतीत सीट ही बसायची वस्तू आहे, असा जो आपला समज असतो तो फार भाबडा. कार्टला शॉकअप नाहीत हे आपण पाहिलं. मागची दोन्ही चाकं एकाच सळईवर घट्ट बसलेली. डिफरन्शियल नसल्याने वळणावर आतल्या आणि बाहेरच्या चाकाला सारखंच फिरावं लागतं, आणि बाहेरचा रस्ता तर लांबचा. म्हणून वळताना आतलं मागचं चाक क्षणभर उचललं गेलं पाहिजे. ते उचलायचं काम कोण करतं? पाईपांची चौकट पीळ खाते, ती करते. आणि त्या चौकटीला दोन्हीकडून धरून बसलेली सीट त्या पिळात सामील असते. सीट म्हणजे कार्टचा पाचवा पाईप.

मग ती सीट जर वाकतच नसेल तर? गाडीचा स्वभाव बदलतो. कुठे पकड जास्त होते, कुठे गाडी वळणातून मोकळी सुटत नाही. कुणाला ते मानवतं, कुणाचा लॅप उलट हळू होतो. जास्त पैसे देऊन हळू जाण्याची सोय जगात फार थोड्या ठिकाणी आहे. त्यातली ही एक. मिस्त्रींचा उपाय तयार असतो. सीटच्या आधाराच्या पट्ट्या काढून बघायच्या, बोल्ट अर्धा आटा ढिले करून बघायचे. थोडक्यात, ताठ सीट विकत घ्यायची आणि ती ढिली बसवायची.

बरगड्यांचं आणखी वेगळं. पट्टा नसल्यामुळे वळणावर अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोराने ड्रायव्हर सीटच्या काठावर रेलतो. कार्टिंगवाल्यांची जुनी दुखणी विचारा, बरगड्या पहिल्या. म्हणून ते आतून बरगड्यांचं जाकीट घालतात. काचेच्या धाग्याची सीट थोडं दबून घेते. तुटण्याआधी काचेचा धागा कार्बनच्या दुपटीने तरी ताणला जातो. कार्बन दबत नाही, बरगडी दबते. एकाने तरी माघार घ्यायची असते.

आता मुख्य मुद्दा. हलकं झालं, ताठ झालं, पण तुटताना काय होतं?

लोखंड तुटायच्या आधी वाकतं. सळई वाकडी दिसते, स्टिअरिंग एका अंगाला ओढतं, रंगाला बारीक चीर जाते, आवाज बदलतो. मिस्त्री ते लांबून ओळखतात. कार्बन शेवटपर्यंत सरळ असतं, आणि मग नसतं. मधला टप्पाच नाही. त्यात पुन्हा आतले थर एकमेकांपासून सुटले, तरी वरची चौकडी तशीच चकाकत राहते. दगड उडून लागला, कुणी कार्ट उचलताना आपटली, गॅरेजमध्ये वरून पाना पडला, बाहेर फक्त एक टिंब, आत सगळा घोळ.

तो ओळखायची एक जुनी युक्ती आहे, विमानवालेही ती वापरतात. मिस्त्रींनी ती मला दाखवली. खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं, सीट कानाजवळ धरली आणि कडेपासून मधोमध टकटक करत गेले. टक, टक, टक. आवाज खणखणीत, एका सुरात. मग बोल्टच्या भोकापाशी आले. टक, टक, भद. पुन्हा केलं. भद. "हितं सुटलंय," ते म्हणाले आणि खडूने गोल काढला. भाच्याच्या मित्राची सीट आतून गेलेली होती, आणि तिची चकाकी नव्यासारखी होती. एक रुपयात झालेलं हे निदान ऐकून भाच्याच्या चेहऱ्यावरचा रंग तेवढा उतरला.

कार्बनचा हा स्वभाव फार मोठ्या लोकांनी फार मोठ्या किमतीत अनुभवलेला आहे. 1960च्या दशकाच्या अखेरीस रोल्स-रॉइसने आपल्या 'आरबी211' या जेट इंजिनासाठी कार्बन फायबरची पाती केली. हलकी, ताठ, देखणी. बाकी चाचण्या झाल्या, आणि 1970च्या मे महिन्यात नेहमीची पक्ष्याची चाचणी आली. विमानाच्या इंजिनात पक्षी शिरला तर काय होतं, हे पाहायला तोफेने मेलेली कोंबडी मारतात. कोंबडी गेली आणि पाती फुटली. शेवटी टायटेनियमची पाती बसवावी लागली. 1971च्या फेब्रुवारीत कंपनी दिवाळखोरीत गेली; त्याचं सगळं खापर कोंबडीवर फोडता येणार नाही, पण तिचा हातभार नाकारताही येणार नाही. ही गोष्ट मी मिस्त्रींना सांगितली. त्यांना कार्बनपेक्षा कोंबडीचं वाईट वाटलं. "तेवढ्यात चार माणसांचा तांबडा-पांढरा झाला असता," ते म्हणाले.

पण कार्बनवर अन्याय नको. 1981मध्ये मॅक्लारेनने जॉन बर्नार्ड यांच्या आराखड्यावरून फॉर्म्युला वनची 'एमपी4/1' ही गाडी उतरवली. तिचा ड्रायव्हर बसायचा डबाच कार्बन फायबरचा होता. त्याच वर्षी मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसन यांची गाडी अशी आदळली की इंजिन आणि मागचा भाग तुटून वेगळा झाला. वॉटसन डब्यातून उतरून चालत आले. कार्बनच्या नावाने बोटं मोडणारे त्या दिवसापासून जरा दबकून बोलू लागले. तेव्हा कार्बन धोक्याचं, असं सरसकट म्हणणाऱ्याला मोंझा दाखवावं, आणि कार्बन सुरक्षित असं सरसकट म्हणणाऱ्याला कोंबडी दाखवावी. फरक इतकाच की, वॉटसन यांचा डबा माणूस वाचावा म्हणून अभियंत्यांनी आखला होता. चेनचं कव्हर बहुधा फोटो चांगला यावा म्हणून आखलेलं असतं.

नियम करणाऱ्यांना हे कळतं. आंतरराष्ट्रीय कार्टिंगच्या नियमात बाहेरच्या अंगाचं प्लॅस्टिक फुटलं तर त्याच्या चिरफळ्या होता कामा नयेत, टोकदार कोपरे उरता कामा नयेत, अशी अट आहे. कारण उघड आहे. कार्टमध्ये ड्रायव्हर आणि फुटणारी वस्तू यांच्यामध्ये दार नसतं, पत्रा नसतो. असते ती पॅन्ट. कार्बनची चिरफळी सुईसारखी. आपल्याला लागली नाही तर मागून येणाऱ्याच्या टायरात शिरते. म्हणून पार्ट घ्यायच्या आधी आपल्या स्पर्धेचं नियमपुस्तक उघडून बघावं. एकाच पार्टला एका वर्गात टाळ्या मिळतात आणि दुसऱ्या वर्गात घरचा रस्ता.

मिस्त्रींनी यावर आपली वाटणी करून टाकली आहे. त्यांच्याकडे तीन ढीग आहेत.

पहिला ढीग: हात लावायचा नाही. स्टिअरिंगचा कॉलम, टायरॉड, पुढच्या चाकांचे स्टब अॅक्सल, ब्रेकचं पेडल आणि त्याची सळई. यातलं काही मोडलं की ड्रायव्हर प्रवासी होतो. तिथे लोखंड, आणि तेही ज्याचा इतिहास माहीत आहे असं. 'हलकं आहे' हा तिथे गुण नव्हे.

दुसरा ढीग: घ्या, पण डोळे उघडे ठेवून. सीट, पायाखालचा पत्रा, चेनचं कव्हर. पत्रा घट्ट आवळला तर कार्टचं पुढचं अंग ताठ होतं, म्हणजे पुन्हा पिळाचा प्रश्न. चेन तुटली तर ती अंगावर येऊ नये यासाठी कव्हर असतं. ते स्वतःच फुटणार असेल तर एकाऐवजी दोन गोष्टी अंगावर येतील. शिवाय कार्बन आणि अॅल्युमिनियम यांचं जमत नाही. दोघं एकमेकांना टेकून पावसाळ्यात राहिले की अॅल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी होतं. म्हणून मध्ये वॉशर, रबर, काहीतरी हवं.

तिसरा ढीग: बेलाशक घ्या. आणि या ढिगात एकच वस्तू आहे, ती कुणालाही दिसत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आत सोडणाऱ्या रीडच्या पाकळ्या. पातळ, हाताच्या बोटाएवढ्या. कार्बनच्या असल्या की झटकन उघडतात-मिटतात, आणि एखादा तुकडा तुटून इंजिनात गेलाच तर पोलादी तुकड्यासारखी सिलेंडरची वाट लावत नाही. आरएक्स100 वर ज्यांची जवानी गेली त्यांना रीड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ती गाडी 1996मध्ये बंद झाली. तिचे भक्त अजून रीड बदलतायत.

तर कार्टमधला सगळ्यात उपयोगी कार्बन पार्ट इंजिनाच्या पोटात असतो. त्याचा सेल्फी निघत नाही. म्हणून त्याबद्दल कुणी हट्टही धरत नाही.

हट्ट दिसण्याचाच असतो, याचा पुरावा पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुठल्याही अॅक्सेसरीच्या गल्लीत मिळतो. तिथे मीटरवर कार्बन विकतात: स्टिकर. अॅक्टिव्हाच्या हँडलवर कार्बन, मोबाइलच्या पाठीवर कार्बन, रिक्षाच्या डॅशबोर्डवर कार्बन. हा जगातला एकमेव कार्बन आहे ज्याने वजन वाढतं. पण तोही आनंद देतो, आणि तुटत नाही, फार तर कोपऱ्यातून सुटतो.

याच्या दुसऱ्या टोकाला इंजिनिअरिंगची मुलं. सांगली-कोल्हापूर-पुण्याच्या कॉलेजांतून दरवर्षी कार्ट बांधणाऱ्या टीम तयार होतात. तिथे 'इनोव्हेशन'ला मार्क असतात, म्हणून कुठे तरी कार्बन हवाच. मग कुणाच्या तरी घरच्या मोडक्या फ्रिजचा कंप्रेसर काढून व्हॅक्यूम पंप बनतो, होस्टेलच्या खोलीत साचा मांडला जातो, इपॉक्सी रात्री दोनला घट्ट होते आणि सकाळी घासकाम सुरू होतं. कार्बनची धूळ अंगावर बसली की जी खाज सुटते ती विद्यापीठाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या ही तिथली पहिली सुरक्षा. ती न पाळणाऱ्या मुलाशी शेजारच्या खोलीतला मुलगा दोन दिवस हात मिळवत नाही. पण मी या मुलांना नावं ठेवणार नाही. स्वतः थर अंथरलेल्या माणसाला नंतर कुणी 'पाचपट मजबूत' म्हणून काही विकू शकत नाही. तो लगेच विचारतो, कुठल्या अंगानं.

खरेदीच्या निर्णयाची बैठक शेवटी उद्यमनगरातच भरली. दाजींनी दर मांडला, भाच्याने देखणेपणा मांडला, मी मोंझा आणि कोंबडी दोन्ही मांडली. मिस्त्रींनी एकच वाक्य मांडलं. "मालक, त्याच पैशात टायरचे नवे सेट येत्यात, आन् उरलेल्यात ट्रॅकवर दोन दिवस पोरगं फिरतंय. झिजलेल्या टायरवर कार्बन काय करणार हाय?"

हे खरं होतं, आणि सगळ्यांनाच ते आधीपासून माहीत होतं. नवं टायर आणि सराव यांनी लॅपमागे जो वेळ सुटतो, त्याच्या शेजारी कार्बनच्या सीटने सुटणारा वेळ ठेवायला स्टॉपवॉच फार बारीक लागतं. दाजींनी चेक लिहिला, टायरांचा. भाच्याने मान डोलावली. सोळाव्या वर्षी इतका समजूतदारपणा पाहून मला जरा काळजीच वाटली.

ती फार वेळ टिकली नाही. टायर रिमवर चढवून झाले, हवा भरून झाली, आणि भाचा हळूच मिस्त्रींच्या कानाशी लागला.

"मिस्त्री, व्हॉल्व्हची टोपणं कार्बनची मिळतात का हो?"

मिस्त्रींनी दाजींकडे बघितलं, टायरकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच कार्बनच्या बाजूने निकाल दिला.

"मिळत्यात की. घे. तुटली तरी कुणाला लागत न्हाईत."